कारंज्याच्या आधी

कॉलनीतल्या मोकळ्या जागेचा बगीचा करायचा ठरला की पहिली सूचना बहुधा कारंज्याची येते. त्यामागोमाग ओपन जिम येते, मग बसायची छत्री, मग रंगीत दिवे आणि अलीकडे कॉलनीचे नाव मोठ्या अक्षरांत उभारून त्यापुढे फोटो काढण्याची सोय. इंदूरच्या पश्चिम भागात, सुदामा नगर किंवा लोकमान्य नगर यांच्याप्रमाणेच मराठी घरे पुष्कळ असलेल्या आमच्या वसाहतीत रहवासी संघाने सभा बोलावली, तेव्हाही सूचनांचा क्रम साधारण हाच होता. रविवारची सकाळ होती, पोहे-जिलबीची व्यवस्था होती, लोक मनापासून बोलले आणि कोणीही भांडले नाही. तासाभरात जी यादी तयार झाली ती शहरातल्या कोणत्याही बगीच्याला चालली असती, आणि मला खटकले ते नेमके हेच. जागेला तिरकस छेद देणारी पायवाट, मधला जुना कडुनिंब, पावसात पाणी साचणारा कोपरा, कोण कोणत्या वेळी तिथे येऊन बसते, यांतले काहीच त्या कागदावर उतरले नव्हते.

यात लोकांचा दोष मला दिसत नाही. ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारले की माणूस त्याने दुसरीकडे पाहिलेल्या वस्तूंची नावे सांगतो, कारण त्या प्रश्नाला तेच उत्तर शक्य असते. ‘तुम्ही इथे केव्हा येता, कोणाबरोबर येता, किती वेळ थांबता आणि कशामुळे उठून जाता?’ असे विचारले तर वस्तूंऐवजी दिवसाची हकीकत मिळते, आणि बगीचा त्या हकीकतीतून आखता येतो. मी नोकरीची सारी वर्षे आरेखक म्हणून काढली. दुसऱ्यांनी ठरवलेल्या गोष्टी मोजून-मापून कागदावर उतरवणे हे माझे काम होते, आणि त्या काळात जी जाणीव पक्की झाली ती अशी की नकाशा बिघडतो तो बहुतेक वेळा रेघ ओढण्याच्या पुष्कळ आधी, प्रश्न विचारतानाच.

लोकसहभाग हा शब्द सरकारी कागदांत आता इतका रुळला आहे की तो वाचताना डोळा थांबतही नाही. 1992 सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांच्या कामांची जी यादी दिली तिच्यात उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात, अशीही तरतूद आहे. म्हणजे घराजवळच्या बागेचा निर्णय घराजवळच व्हावा, ही कल्पना राज्यघटनेत बसलेली आहे. प्रत्यक्षात मात्र सहभाग पुष्कळदा हजेरीपटावरच्या सहीपाशी संपतो. आराखडा आधीच ठरलेला असतो, आणि सभेत विचारायचे एवढेच उरते की बाके लाल रंगाची हवीत की हिरव्या.

इंदूरला तरी हे शोभत नाही. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला या शहराच्या कामासाठी बोलावले होते, आणि 1918 साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. उपचाराआधी निदान झाले पाहिजे आणि ते कचेरीत बसून होत नाही, त्यासाठी गल्ल्या-गल्ल्यांतून पायी हिंडावे लागते, हा त्यांचा आग्रह होता. दाट वस्ती सुधारायची म्हणजे तिच्यातून सरळ रुंद रस्ता काढायचा आणि आड येणारी घरे पाडायची, अशी त्या काळच्या अभियंत्यांची रीत होती. गेडिस आधी हे पाहात की एखाददुसरे पडके घर उतरवून, असलेलीच मोकळी जागा थोडी रुंदावून आणि तिथे झाडे लावून काम भागते का. एडिंबरामध्ये त्यांनी जुन्या वस्तीतले पडीक तुकडे शोधून शेजारच्या मुलांच्या हातांनी तिथे बागा करवल्या होत्या, तीच दृष्टी घेऊन ते इथे आले.

त्यांनी स्वतः पुढे सांगितलेली इंदूरच्या दिवाळीची हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. शहरात प्लेगची धास्ती होती आणि हातात नकाशे घेऊन घरे न्याहाळत फिरणाऱ्या या परक्या म्हाताऱ्याकडे लोक संशयाने बघत होते. तेव्हा गेडिस यांनी एका दिवसापुरता राजाचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीला मोठी मिरवणूक काढण्याचे जाहीर केले. तिचा मार्ग मात्र ठरवला नाही, कारण ज्या भागातले लोक आपली घरे आणि रस्ते सर्वांत चांगले साफ व दुरुस्त करतील त्या भागातून ती जाणार होती. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि हातात नवे झाडू घेतलेले सफाई कामगार हार घालून मानाने चालत होते. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षे पहिले येत गेल्यामुळे ही हकीकत हल्ली स्वच्छतेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातले मर्म वेगळे वाटते. गेडिस यांनी लोकांचे मत मागितले नाही, त्यांनी एक खरा निर्णय लोकांच्या हाती दिला. लोक जे करतील त्याने मिरवणुकीची वाट बदलणार होती, आणि ती बदलली हे सर्वांना डोळ्यांनी दिसणार होते. अर्थात हे सगळे दरबाराच्या परवानगीने झाले होते, आणि एका दिवसाचा राजा कितीही कल्पक असला तरी राजाच असतो, हेही विसरता येत नाही.

आमच्याकडे राजा नव्हता. पार्षदांनी, म्हणजे आमच्या नगरसेवकांनी, निधीचे आश्वासन दिले होते आणि उद्यान विभागाचे दरोगा, म्हणजे कामावर देखरेख करणारे, समजूतदार होते. पावसाळा संपेपर्यंत काहीही बांधायचे नाही, आधी जागा नीट बघायची, एवढी एक गोष्ट त्यांनी मान्य केली. मग आम्ही काही जणांनी एक साधी वही केली. वेळ, कोण आले, कुठे बसले, काय केले, असे चार रकाने, आणि ज्याला जमेल त्याने त्यात लिहायचे. निवृत्त माणसांनी सकाळ सांभाळली, मुलांनी संध्याकाळ, आणि दुपारी कोणीच तयार होईना म्हणून ती माझ्याकडे आली.

पायवाटेचा प्रश्न वहीने लगेच सोडवला. मागच्या गल्लीतून सिटी बसच्या थांब्याकडे जाणारी माणसे जागेला तिरका छेद देऊन जात आणि त्यांच्या पावलांनी तिथली माती दगडासारखी घट्ट केली होती. सभेतल्या यादीप्रमाणे त्याच ठिकाणी हिरवळ होणार होती, तिच्याभोवती मेंदीचे कुंपण येणार होते, आणि काही दिवसांनी ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटीही आली असती. सोयीची वाट माणसे सोडत नाहीत, ती कुंपणात भगदाड पाडतात. आराखड्यातली मुख्य वाट त्या पायवाटेवरूनच न्यावी, हे त्यामुळे वादाशिवाय ठरले.

दुपार कोणी बघितलेलीच नव्हती, कारण समितीतले सगळे त्या वेळी जेवून आडवे झालेले असतात. एक वाजल्यानंतर कडुनिंबाच्या फुटक्या पारावर घरकाम करणाऱ्या बायका येत. सकाळची घरे संपलेली आणि चारच्या भांड्यांना अवकाश असलेला, अशा मधल्या वेळात घरी परतून पुन्हा येण्यात रिक्षाचे पैसे जातात, म्हणून त्या इथेच डबा खात, पाय पसरून बसत, एखादी डोळे मिटून पडत असे. पाण्याची बाटली प्रत्येकजण कामाच्या घरून भरून आणी. त्यांच्याबरोबर बसल्यावर मी विचारले की इथे बाग झाली तर काय व्हावे, तेव्हा आधी त्या हसल्या. मग त्यांच्यातली वयाने मोठी म्हणाली, “दीदी, बस बैठने से मत रोकना.” नळ आणि स्वच्छतागृह यांचा विषय त्यानंतर निघाला, तोही मी खोदून विचारल्यावर. कारंजे मागणाऱ्यांच्या घरांतच काम करणाऱ्या या बायकांची पहिली मागणी, असलेले काढून घेऊ नका, अशी होती. पार दुरुस्त करताना त्याची रुंदी कमी करायची नाही, उलट पाठ टेकता येईल असा एक भाग उंचवायचा, ही नोंद मी त्याच दुपारी केली.

संध्याकाळच्या पानांवरून निराळीच गोष्ट निघाली. लहान मुली झोक्यांवर, घसरगुंडीवर असत. दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुली जवळजवळ दिसतच नव्हत्या. हे केवळ आमच्या कॉलनीचे नाही. व्हिएन्ना शहरात 1990 च्या दशकात झालेल्या पाहणीत नऊ वर्षांनंतर मुली सार्वजनिक बागांतून कमी होत जातात, असे आढळले होते, आणि 1999 पासून तिथल्या दोन बागा त्या दृष्टीने पुन्हा आखण्यात आल्या. पाऊलवाटा वाढवल्या, मोठे मोकळे पटांगण झाडोऱ्याने विभागले, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलची जागा केली, आणि मुली परत येऊ लागल्या. आमच्याकडे शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने या मुलींशी स्वतंत्रपणे बोलायचे अंगावर घेतले, कारण मोठ्यांच्या सभेत त्या बोलल्या नसत्या. त्यांचे म्हणणे अगदी नेमके निघाले. मुले अडवत नाहीत, पण झोक्याकडे जायचे तर क्रिकेटच्या मधूनच जावे लागते. बाके सगळी कडेला, फिरणाऱ्यांच्या वाटेकडे तोंड करून एका ओळीत, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक काका बघत जातो आणि चौघींना एकमेकींचे तोंड दिसत नाही. त्यांना समोरासमोर बसण्याची जागा हवी होती, चांगला उजेड हवा होता, आणि तिथून निघायला एकापेक्षा अधिक वाटा हव्या होत्या. यातले काहीही महाग नाही. बाकांची दिशा बदलायला निधी लागत नाही, फक्त बाक रोवण्याआधी कोणी तरी विचारलेले असावे लागते.

आता मातीविषयी, कारण बगीच्याच्या चर्चेत हिचे नाव कोणी काढत नाही आणि शेवटी सगळ्यांना ती नमवते. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर नुसते पेव्हर ब्लॉक मांडले तर दोन पावसाळ्यांत काही खचतात, काही उचलले जातात आणि सकाळी फिरणाऱ्या वृद्धांना ठेच लागण्याची पक्की सोय होते. खालची माती काढून मुरमाचा चांगला थर दाबला तरच फरसबंदी टिकते, आणि तेवढे करायचेच असेल तर निम्मी वाट दाबलेल्या मुरमाचीच का ठेवू नये, असा विचार आम्ही मांडला. ती चालायला मऊ असते आणि पाणी जिरू देते. ठेकेदाराला ही कल्पना मुळीच रुचली नाही, कारण मुरूम दिसत नाही आणि पेव्हर दिसतात. इंदूरचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जुलैमधल्या एका दमदार पावसानंतर जागेच्या ईशान्य कोपऱ्यात घोटाभर पाणी उभे राहिले आणि ते बराच काळ हटले नाही. रिकामा कोपरा म्हणून यादीत ओपन जिम तिथेच दाखवली होती. आता तो कोपरा आणखी थोडा खोलगट करून, तळाशी पाणी जिरवणारा खड्डा घेऊन, गवत लावून सोडायचा आहे. पावसाळ्यात तिथे पाणी उतरेल आणि उरलेल्या आठ महिन्यांत मुलांना लोळायला उतार मिळेल.

या सगळ्याचा कच्चा नकाशा मीच काढला, पण तो सभेत भिंतीवर टांगायला मी नकार दिला. नकाशा वाचता न येणारा माणूस तो बघून मान डोलावतो, आणि ती मान होकार म्हणून मोजली जाते. त्याऐवजी एका शनिवारी आम्ही चुन्याची फक्की आणली, दोरी आणि टेप घेतला आणि आराखडा जागेवरच खऱ्या मापाने आखला. वाटांच्या दोन्ही कडा, पारापुढचे अंगण, मुलींचा कोपरा, झोके, सगळे पांढऱ्या रेघांनी उभे राहिले. बाकांच्या जागी घरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मग लोकांना एवढेच सांगितले की यातून चालून बघा. मागच्या ओळीतल्या आजी काठी टेकत गेटपासून निघाल्या, वळणापर्यंत आल्या आणि दम लागून उभ्या राहिल्या. पहिली खुर्ची अजून पुष्कळ पुढे होती. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या नातवाने धावत जाऊन खुर्ची उचलून त्यांच्यामागे आणून ठेवली आणि मी तिथे फक्कीने फुली मारली. व्हीलचेअरवरच्या अण्णांना गेटच्या फटीतून आत येताना दोघांनी उचलावे लागले, तेव्हा गेट किती रुंद हवे यावरची चर्चा जागीच संपली. लहान मुले रेघांवरून शर्यत लावत होती, त्यामुळे संध्याकाळपर्यंत निम्मा आराखडा पुसला गेला, पण तोवर दुरुस्त्या कागदावर उतरल्या होत्या.

मधली जागा मोकळी ठेवण्यावरून सर्वांत जास्त ओढाताण झाली. छत्री मधोमध शोभेल असे पुष्कळांचे मत होते. परंतु गणपतीत दहा दिवस मंडप कुठे पडणार, मुलांचे कार्यक्रम आणि कोजागरीचे दूध कुठे होणार, हे विचारल्यावर तीच माणसे थबकली. मध्यभागी काहीही बांधले तर मंडप रस्त्यावर येतो, हे मागच्या काही वर्षांत सगळ्यांनी भोगले आहे. तरीही जागा रिकामी ठेवणे हे काम आहे, असे कोणाला वाटत नाही, बहुधा रिकाम्या जागेचे उद्घाटन करता येत नाही म्हणून. शेवटी विजेची एक पेटी आणि मंडपाच्या खांबांसाठी जमिनीत कायमच्या पुरलेल्या नळ्या, एवढेच तिथे येणार आहे.

झाडांचे प्रकरण थोडक्यात आटोपते. जलद वाढते म्हणून कोनोकार्पस लावायचा प्रस्ताव होता, पण शेजारच्या गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली हे दरोगांनीच सांगितले. सप्तपर्णीच्या ऑक्टोबरातल्या उग्र वासाने ज्यांना त्रास होतो त्यांनी हरकत घेतली, ती मान्य झाली, आणि बकुळ, करंज व बहावा यांवर एकमत झाले. एका गृहस्थांनी मात्र कडुनिंबाची पाने फार गळतात, कचरा होतो, तेव्हा त्याच्या फांद्या बऱ्याच उतरवाव्यात असे सुचवले. देशातल्या सर्वांत स्वच्छ म्हणवणाऱ्या शहरात गळलेले पानही गुन्हेगार ठरते की काय, असे मला वाटून गेले. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 नंतर इथल्याच वनस्पती संशोधन संस्थेत पालापाचोळा, शेण आणि राख थरांनी रचून, तीनदा उलथून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली आणि ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. तिच्या गावात पाने घंटागाडीत टाकायची हे बरे दिसणार नाही. खताचा खड्डा आराखड्यात आला आहे आणि तो उलथण्याची पाळी घरवार लावली आहे. ती किती दिवस पाळली जाईल याविषयी मी फारशी आशावादी नाही, म्हणून माळ्याच्या मजुरीचा वाटा वर्गणीत धरून ठेवला आहे.

ज्या सूचना नाकारल्या त्यांची कारणेही आम्ही गेटवरच्या फळ्यावर लिहिली. माझ्या मते सहभागाची खरी परीक्षा इथेच होते. मत घ्यायचे आणि मग काहीच न सांगता गप्प बसायचे, यामुळे पुढच्या खेपेस माणसे येत नाहीत. कारंज्याच्या नावापुढे पंपाचा खर्च लिहिला, बंद पडल्यावर साचणारे पाणी लिहिले आणि अशा स्वच्छ साचल्या पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो, हेही लिहिले. ज्या काकांची ती सूचना होती त्यांनी फळ्याखाली उभे राहून माझ्याशी पुष्कळ वाद घातला, नंतर स्वतःच विजेच्या बिलाचा अंदाज काढून आणला आणि आता ते खर्चाची वही सांभाळतात.

स्वच्छतागृह अजून ठरलेले नाही. ते हवे, यावर सभेत एकमत आहे, आणि आपल्या भिंतीला लागून नको, यावरही तितकेच एकमत आहे. तीन जागा फक्कीने आखून ठेवल्या आहेत आणि त्यांतली एक निवडण्यासाठी पुढची सभा कडुनिंबाच्या पारावर, कामाच्या दिवशी, दुपारी दीड वाजता ठेवली आहे, कारण ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्या बायका त्याच वेळी तिथे असतात. या वेळेला कोण येणार, अशी हरकत संघाच्या अध्यक्षांनी घेतली होती. तीनपैकी एक जागा त्यांच्याच फाटकासमोर असल्याने ते स्वतः येणार आहेत.